विहिरीपर्यंतचा उजेड

आमच्या भागात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. इथेही मी तसंच लिहिणार आहे, कारण ज्यांच्यासाठी लांब पल्ल्याच्या बॅटरीचा हा सगळा खटाटोप केला ते आमच्या घरचे आण्णा दुसरा शब्द वापरत नाहीत.

जुन्नर तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे, त्यातला दोन एकर ऊस. घराच्या ओट्यापासून विहीर मोबाइलच्या नकाशावर मोजली तर ३१० मीटर भरते. मधली गाडीवाट अगदी सरळ आहे, आणि डिसेंबरात तिच्या दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. शेतीची थ्री-फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीने येते. रात्रपाळी असली की आण्णा साडेबारा-एकला उठतात, मोटर चालू करतात आणि दोन-तीन तास दारं धरून मग झोपायला येतात. चाळीस वर्षं हेच चाललंय. पूर्वी भीती सापाची होती. आता बिबट्याचीही आहे. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात आहे आणि उसात वाढलेली बिबट्याची पिढी आमच्या गावाला नवी नाही. ऊसतोड सुरू झाली की तर जास्तच, कारण फड तुटला की पिल्लं घेऊन बसलेली मादी शेजारच्या उभ्या उसात सरकते, आणि ती आज कुठल्या फडात आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

एकटं जाऊ नका, आवाज करत जा, उजेड ठेवा, असं वनखात्याची माणसं सांगतात. आण्णा काठी घेतात, मोबाइलवर मोठ्याने भजन लावतात आणि हातात बॅटरी. मी भोसरीला कारखान्यात सर्किट बोर्डांच्या दुरुस्तीच्या टेबलावर काम करतो, घरी शनिवार-रविवारीच. मला छळत होती ती एकच गोष्ट. चालताना पायाजवळ उजेड असतो, पण ज्या वाटेने जायचं ती वाट टोकापर्यंत मोकळी आहे का, हे ओट्यावर उभं राहून कळत नाही. निघायच्या आधी दिसायला हवं. निम्म्या वाटेवर गेल्यावर दिसून काय उपयोग?

पहिल्यांदा मी सरळ दुकानातून आणली. डब्यावर लुमेनचा आकडा लाखाच्या घरात होता, पुढे मागेपुढे सरकणारं भिंग, सोबत चार्जर. विहीर सोडा, साठ-सत्तर मीटरवरच्या आंब्यापलीकडे काही दिसेना. ती खोलल्यावर आत एक छोटी एलईडी आणि वजनाला हलका एकच सेल निघाला. मग मी साधा हिशोब केला. असा एक सेल फार तर दहा-बारा वॅट देतो, आणि पांढरी एलईडी वॅटमागे शंभर-दीडशे लुमेनच्या आसपास. म्हणजे सगळं चांगलं जमलं तरी हजार-दीड हजार लुमेन. डब्यावरचा आकडा या मापाच्या वस्तूतून निघणंच शक्य नव्हतं.

त्या फसवणुकीने मला वाचायला लावलं, आणि वाचता वाचता मूळ चूक माझ्याच डोक्यात होती हे ध्यानात आलं. लांब दिसायला हवं म्हणजे जास्त उजेड हवा, असं मी धरून चाललो होतो. लुमेन म्हणजे बॅटरीतून सगळीकडे मिळून किती उजेड बाहेर पडतो ते. लांब पोचायचं असेल तर एका दिशेला तो किती दाटून जातो हे महत्त्वाचं, आणि त्याचं माप कँडेला. अमेरिकेत २००९ साली हातबॅटऱ्यांसाठी एफएल१ नावाचं मानक आलं. त्यात पल्ल्याची व्याख्या अशी आहे: ज्या अंतरावर उजेड पाव लक्सपर्यंत उतरतो ते अंतर, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेचं चांदणं पडावं तेवढा. लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. हिशोब सोपा आहे. कँडेलाच्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, मीटरमध्ये पल्ला येतो. यातली मेख अशी की पल्ला दुप्पट हवा तर कँडेला चौपट लागतात.

मी हे आण्णांना सांगायला गेलो तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "आरं, पाणी तेवढंच हाय. पाच सऱ्यांत सोडलं तर एकबी सरी टोकाला भिजत नाही. एकीत सोडलं की जातंय शेवटापर्यंत." मी वाचलेल्या सगळ्या पानांपेक्षा हे नेमकं होतं.

पण एकाच सरीत सोडायचं कसं? रिफ्लेक्टर मोठा केला तर जमतं, पण मग बॅटरी कमरेला अडकवता येत नाही. दुसरा मार्ग उजेड जिथून निघतो ती जागा लहान करण्याचा. रिफ्लेक्टर खरं तर त्या जागेचं चित्रच लांब फेकत असतो. जागा मोठी असेल तर चित्र मोठं आणि पसरट. तेवढाच उजेड लहान जागेतून निघाला तर चित्र लहान आणि दाट. आजोबांची तीन सेलची स्टीलची बॅटरी आठवली. तिचा बल्ब अगदी मिणमिणता, तरी डोकं फिरवून फोकस केला की चिंचेच्या शेंड्यावरचं घुबड दिसायचं. त्या बल्बची तार केसाएवढी होती. उजेड थोडा, पण तेवढ्याशा तारेतून निघणारा.

मग मी सी८ मापाची एक चांगली बॅटरी घेतली. सी८ हा आता एक साचाच झालाय, अनेकजण त्या मापाची बनवतात. १८६५० मापाचा एक चार्ज होणारा लिथियम सेल, साधारण चाळीस मिलिमीटर तोंडाचा गुळगुळीत रिफ्लेक्टर, आत क्री कंपनीची एक्सएम-एल२ एलईडी. ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीचा प्रवाह सांभाळणाऱ्या छोट्या सर्किटवर, ७१३५ जातीच्या आठ चिप, प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर, म्हणजे एलईडीला २.८ अँपिअर. साधा, समजणारा, दुरुस्त करता येणारा ड्रायव्हर. एक लक्समीटरही घेतला, आणि माझ्या मते या कामात आधी तोच घ्यावा. डोळ्याला दुप्पट उजेड दुप्पट वाटत नाही. आपण मेहनत केली की ती फळली असंच डोळे सांगतात.

मोजण्याची रीत मी एकच ठेवली. खोलीबाहेरच्या लांब व्हरांड्यात रात्री दिवे बंद करायचे, पाच मीटरवर मीटर ठेवायचा, सेल पूर्ण भरलेला, बॅटरी लावून तीस सेकंदांनी आकडा घ्यायचा. लक्सला अंतराच्या वर्गाने, म्हणजे पंचवीसने गुणलं की कँडेला. पहिला आकडा १,०८० लक्स आला. म्हणजे २७,००० कँडेला, पल्ला ३२८ मीटर.

कागदावर विहीर पल्ल्यात होती. प्रत्यक्षात ओट्यावरून मोटरच्या खोलीची भिंत फक्त अंधुक, राखाडी दिसे. त्यात आश्चर्य काही नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात तीनशे मीटरवर उभं जनावर आपल्याला ओळखू येतं का? मानकाचा पल्ला म्हणजे उजेड पोचतो ते अंतर, डोळ्याला उमगतं ते त्याच्या निम्मं धरावं, कधी त्याहूनही कमी. म्हणजे विहिरीसाठी साडेसहाशे मीटरचा पल्ला हवा. चौपट कँडेला.

एक्सएम-एल२चा प्रकाश देणारा चौकोन दोन मिलिमीटर बाजूचा, म्हणजे चार चौरस मिलिमीटर. त्यावर सिलिकोनचा पारदर्शक घुमट असतो. वर्तमानपत्रावर पाण्याचा थेंब पडला की खालचं अक्षर फुगून मोठं दिसतं, तसाच तो घुमट चौकोनाला मोठं दाखवतो. त्याने आतला उजेड जास्त बाहेर येतो, पण रिफ्लेक्टरला मात्र जागा मोठी दिसते. घुमट काढला तर एकूण उजेड घटतो आणि पल्ला वाढतो. हौशी लोक हे बरीच वर्षं करत आलेत. मी सुटे एलईडी तीन मागवले.

पहिला तव्यावर गेला. स्वयंपाकघरातला नव्हे, भंगारातून आणलेला एक जाड लोखंडी तवा मी यासाठी वेगळा ठेवला आहे. एलईडी ज्यावर बसलेली असते तो बोर्ड तापवून घुमट मऊ झाला की चिमट्याने उचलायचा, अशी कृती होती. मी उचलला, आणि घुमटाबरोबर खालचा पिवळा थर निघाला. कडेच्या केसाहून बारीक तारासुद्धा. सात वर्षं मी बारीक सोल्डरिंग करतोय, हात स्थिर आहे म्हणून आत्मविश्वास होता. तो चिमट्याला चिकटून आला. इथे हाताच्या कसबापेक्षा घुमट किती घट्ट धरून बसलाय हे महत्त्वाचं असतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

दुसरा पेट्रोलमध्ये. काचेची बाटली, पत्र्याचं झाकण, गॅलरीत, घरातल्या आगीपासून आणि स्विचपासून लांब. दोन दिवसांनी घुमट फुगून सैल झाला आणि टूथपिकने हलकेच ढकलल्यावर अख्खा निघाला. खालचा पिवळा चौकोन शाबूत. इथे घाई करू नये. मी तो आणखी एक पूर्ण दिवस उघड्यावर सुकवला. पेट्रोलची वाफ आत राहिली आणि एलईडी बंद डोक्यात तापली तर चौकोन काळपटतो. बसवून मोजलं: १,९०० लक्स. ४७,५०० कँडेला, पल्ला ४३६ मीटर. उजेडाचा रंग मात्र पांढऱ्यावरून हिरवट पिवळ्याकडे झुकला. ओल्या उसाच्या पानांवर तो रंग वाईट दिसतो, सगळंच आजारी वाटतं. आण्णांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण बॅटरी परत माझ्या हातात दिली.

तेव्हा मी घुमट काढण्याचा नाद सोडला. आता घुमट नसलेलीच, लहान चौकोनाची एलईडी मिळते. ओस्रामची सीएसएलएनएम१ नावाची जी आहे तिला हौशी मंडळी 'व्हाइट फ्लॅट' म्हणतात. प्रकाश देणारी जागा सुमारे एक चौरस मिलिमीटर. एक्सएम-एल२पेक्षा एकूण उजेड कमी देते, आणि तरीही लांब पोचण्यात तिला मागे टाकते. आण्णांची एक सरी ती हीच.

एवढ्याशा जागेत एवढी वीज घालायची म्हणजे उष्णतेला वाट द्यावीच लागते. २.८ अँपिअर हा कंपनीने तिच्यासाठी सांगितलेल्या कमाल प्रवाहापेक्षा जास्त आहे, हे मी जाणून केलं. म्हणून बोर्ड तांब्याचा घेतला, ज्यात एलईडीच्या पोटाखाली इन्सुलेशनचा थरच नसतो, ती थेट तांब्यावर बसते. सोल्डर पेस्ट मी १३८ अंशांना वितळणारी, कथील-बिस्मथची वापरली. नेहमीची कथील-शिशाची १८३ अंश मागते, आणि एलईडीला जितकं कमी भाजावं तितकं बरं. पेस्ट अगदी पातळ लावली, तव्यावर बोर्ड ठेवला, पेस्ट राखाडीची एकदम चकचकीत झाली की एलईडी स्वतःच सरकून आपल्या जागी बसते. तो क्षण मला फार आवडतो. चिमट्याने वरून हलकं टेकवून जास्तीचं सोल्डर बाहेर काढलं आणि तवा बंद. बोर्ड त्यावरच थंड होऊ दिला.

धन-ऋण बाजू मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासली. बरोबर जोडलं की एलईडी काजव्यासारखी मंद पेटते. बोर्ड ज्या धातूवर बसतो तो पृष्ठभाग मी काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केला. कारखान्यातून आलेल्या सी८मध्ये तिथे लेथच्या रेघा होत्या, नखाला लागतील एवढ्या. थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. जास्त लावली तर तीच अडसर होते.

लावली, आणि भिंतीवर उजेडाच्या मधोमध काळा डाग. मोठं कडं, आत अंधार. मीटरवर २,६०० लक्स. आकडा आधीपेक्षा चांगला, पण तो डाग सांगत होता की एलईडी रिफ्लेक्टरच्या नाभीवर बसलेली नाही. तिची उंची जुन्या एलईडीपेक्षा वेगळी, आणि रिफ्लेक्टरचं बूड ज्या प्लास्टिकच्या चकतीवर टेकतं ती चकती जुन्या मापाची. लांब पल्ल्याच्या बॅटरीत यश आणि अपयश या चकतीच्या जाडीत असतं, हे मी आज छातीठोकपणे सांगेन. एलईडी सगळ्यांना विकत मिळते, जाडी प्रत्येकाला स्वतःच शोधावी लागते.

शोधायची रीत अशी. पुढची कडी काढून ठेवायची, बॅटरी सर्वांत कमी उजेडावर लावायची आणि रिफ्लेक्टर बोटांनी किंचित वर उचलायचा. मधला ठिपका दाट झाला तर चकती जाड हवी. उचलल्यावर बिघडला तर पातळ हवी. माझा बिघडत होता. म्हणजे घासायचं. चारशे नंबरचा पॉलिश पेपर काचेवर, त्यावर चकती, आठच्या आकड्यासारखी फिरवायची. दहा फेरे, बसवायचं, मोजायचं. ३,१००. पुन्हा दहा फेरे. ३,६००. काळा डाग नाहीसा झाला. आकडा चढत होता आणि रात्रीचे दोन वाजले होते. मी आणखी पंधरा फेरे घासले, घाईत बसवली आणि पूर्ण उजेडावर लावली.

एक क्षण भिंत पांढरी लखलखली, मग उजेड निळा झाला. निळा, आणि बघता बघता मंद. मी स्विच दाबला तेव्हा डोकं हातात धरवत नव्हतं.

कारण सकाळी, डोकं खोलल्यावर दिसलं. चकती पातळ झाल्याने रिफ्लेक्टरचं धातूचं बूड एलईडीच्या ऋण बाजूच्या सोल्डरच्या टेकडीला टेकलं होतं. या जातीच्या ड्रायव्हरमध्ये सेलची धन बाजू थेट एलईडीला जाते, आणि प्रवाहाला आवर घालणाऱ्या त्या आठ चिप ऋण बाजू आणि बॅटरीचं अंग यांच्या मध्ये असतात. रिफ्लेक्टर म्हणजे अंगच. तो ऋण बाजूला टेकला की आठही चिपना वळसा पडतो आणि सेल आपली सगळी ताकद एलईडीत ओततो. अति प्रवाहाला ही एलईडी निळी पडते, हे वाचलं होतं, आता पाहिलं. बूड धन बाजूला टेकलं असतं तर एलईडीला काही झालं नसतं, पण सेलच शॉर्ट झाला असता, बंद धातूच्या नळीत, माझ्या हातात. हे लिहिताना मला आजही बरं वाटत नाही. कोणी हे करणार असेल तर एवढं तरी करा: तारा बोर्डाला आडव्या टाका, सोल्डरच्या टेकड्या घासून बुटक्या करा, बोर्डावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची टेप) लावा, आणि सेल घालण्याआधी मल्टिमीटरने रिफ्लेक्टर आणि दोन्ही टोकं कुठे जुळत नाहीत ना हे बघा. सेल नामांकित कंपनीचाच घ्या. १८६५० मापात साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास ही साधारण वरची पातळी आहे, आवरणावर नऊ-दहा हजार छापलेला सेल खोटा समजायचा.

दुसरी एलईडी यायला तीन आठवडे लागले. या वेळी मी चकती तीन दिवसांत घासली, दर वेळी पाचच फेरे, दर वेळी मल्टिमीटर. ४,१८० लक्सला आकडा थांबला. आणखी घासलं की उतरायला लागे, म्हणून तिथेच थांबलो. साध्या काचेच्या जागी परावर्तन कमी करणारा थर दिलेली काच घातली, जी तिरपी धरली की जांभळट दिसते. आकडा ४,४०० झाला. शेपटाकडच्या स्प्रिंगवर तांब्याची विणलेली तार सोल्डर केली. ड्रायव्हर प्रवाह बांधून ठेवतो, त्यामुळे तिने आकडा वाढत नाही. सेल उतरत जाताना उजेड जास्त वेळ टिकतो एवढंच.

४,४०० गुणिले पंचवीस, १,१०,००० कँडेला. पल्ला ६६३ मीटर. दहा मीटरवरून ताडून बघितलं तर ११०० लक्स, तेवढेच कँडेला. सुरुवातीच्या चौपटीला थोडं वरच, म्हणून पल्लाही दुपटीला थोडा वरच. विहिरीवर आधी पाव लक्सच्या जरा वर उजेड पडत होता, आता तो एक लक्सच्या वर पडणार होता. सेल तोच, प्रवाह तोच, रिफ्लेक्टर तोच.

डिसेंबरातल्या शनिवारी रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं ओट्यावर आलो. आण्णांनी बॅटरी डोळ्याजवळ, कपाळाच्या बाजूला धरली, जशी सिनेमात धरतात, आणि त्यांना समोर फक्त पांढरी काठी दिसली. थंडीत उसातून दव उठतं, हवेत धूळ असते, आणि एवढा दाट झोत त्या कणांवरून परत येऊन डोळे दिपवतो. मी म्हटलं, "आण्णा, कमरेजवळ धरा, हात थोडा बाहेर काढून." झोत आणि नजर यांच्यात जितकं अंतर पडेल तितकी ती काठी विरळ होते. त्यांनी हात खाली घेतला, आणि मोटरच्या खोलीची भिंत उभी राहिली. दाराची कडी नाही दिसली, पण दार दिसलं, बाजूला टेकवलेलं पाइपाचं वेटोळं दिसलं, खांब दिसला. गोल होता पंधरा-वीस पावलांचा, त्याबाहेर काळोख. आण्णांनी तो गोल वाटेवर हळूहळू आपल्याकडे ओढत आणला, मग उसाच्या कडेने परत विहिरीकडे नेला. दोनदा. मग म्हणाले, "आणि माझं पाय कुठं हायत?"

हा प्रश्न मी तीन महिन्यांत स्वतःला विचारला नव्हता. या बॅटरीत पायाशी काहीच उजेड पडत नाही. आणि आमच्या वाटेवर घोणस बिबट्यापेक्षा फार जास्त वेळा भेटते. सगळं पाणी एका सरीत सोडलं की बाकीच्या सऱ्या कोरड्या राहणारच. मी दुसऱ्या आठवड्यात डोक्याला बांधायचा, मऊ पिवळसर, पसरट उजेडाचा दिवा आणला. आता आण्णा आधी ओट्यावर उभे राहून लांबच्या बॅटरीने वाट बघतात, मग ती खांद्याला अडकवून डोक्यावरचा लावतात आणि चालू लागतात. निम्म्या वाटेवर थांबून एकदा पुढे आणि एकदा मागे झोत टाकतात. मागे बघायचं मी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत मी घरी असताना एका रात्री त्यांनी ओट्यावरून मला हाक मारली, मोठ्याने नव्हे. मोटरच्या खोलीच्या अलीकडे, वाटेवर, दोन ठिपके. अंधारात बघणाऱ्या जनावरांच्या डोळ्यांच्या मागे एक परावर्तक थर असतो, झोत पडला की तो आरशासारखा उजेड परत पाठवतो, त्यामुळे अंग दिसायच्या आधी डोळे दिसतात. कुत्र्याचेही चमकतात, मांजराचेही, म्हणून नुसत्या ठिपक्यांवरून नाव घेऊ नये. आण्णांनी झोत थोडा खाली, जमिनीवर घेतला. जनावराच्या डोळ्यांत तो धरून ठेवायचा नाही, हे आमचं ठरलेलं होतं. ठिपके जमिनीपासून गुडघ्याच्या वर होते. ते एकदा विझले, एकदा बाजूला सरकून पुन्हा लागले, मग उसाच्या कडेला गेले आणि दिसेनासे झाले.

त्या रात्री मोटर एक तास उशिरा चालू झाली. शेजारच्या तात्यांना फोन करून बोलावलं, त्यांनी ट्रॅक्टर आणला, आणि तिघे त्यावर बसून विहिरीवर गेलो. सकाळी पाटाच्या ओल्या मातीत ठसे होते. गोल पंजा, चार बोटं, पुढे नखांची एकही खूण नाही. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. फोटो काढून वनरक्षकाला पाठवले आणि तात्यांनी त्याच दिवशी त्यांच्या गड्याला उसाच्या त्या कोपऱ्यात गवत कापायला जाऊ नको म्हणून सांगितलं.

एक तक्रार आण्णांची अजून आहे, उजेड फार पांढरा आहे म्हणतात. खरं आहे. याच मापात थोडी पिवळसर एलईडी घातली तर पानं आणि माती जास्त खरी दिसतील, पण पल्ल्यातले काही मीटर जातील. मी त्यांना विचारलं, तर विहिरीकडे बघत म्हणाले, राहू दे. आणि एक गोष्ट मी तात्यांना बजावून सांगितली आहे: आमच्या शेतांच्या वरून रस्ता जातो, त्यावरच्या गाड्यांकडे हा झोत चुकूनही न्यायचा नाही. लांबवरच्या चालकाचेही डोळे तो दिपवू शकतो.

तात्यांना सांगायचं कारण, दुसरी बॅटरी त्यांच्यासाठी बनवली. तिसरी त्यांच्या भावासाठी सध्या टेबलावर आहे. तिचा रिफ्लेक्टर वेगळ्या कारखान्याचा, बूड थोडं खोल, आणि आकडा ४,०५०च्या वर सरकत नाही. उचलून बघितलं तर ठिपका किंचित बिघडतो, म्हणजे चकती अजून किंचित जाड असावी. रविवारी काचेवर पाच फेरे घासून बघणार आहे.